चित्रकलेला पंचवीस घरं

वहीच्या मागच्या पानावर शाळेचं वेळापत्रक असतंच ना? सोमवार ते शनिवार, रोजचे आठ तास. हेच वेळापत्रक कॉम्प्युटरला ‘सी’ भाषेत सांगायचं, तर आधी त्याच्यासाठी जागा मागून घ्यावी लागते. ती अशी:

चार वेळापत्रक[६][८][२५];

(खऱ्या प्रोग्रॅममध्ये हे रोमन लिपीत लिहितात. आणि ‘चार’ म्हणजे दोन अधिक दोन नव्हेत हं! ते ‘कॅरॅक्टर’चं लाडाचं नाव.)

सहा दिवस, आठ तास, इथपर्यंत कळलं. पण हे पंचवीस कुठून उपटले?

अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनी सी घडवली, तेव्हा तिच्यात शब्दासाठी वेगळा प्रकार ठेवलाच नाही. सीच्या लेखी शब्द म्हणजे एका ओळीत मांडलेली, एकेका बाइटची घरं. शेवटच्या घरात शून्य बसतं. त्याचा अर्थ, ‘शब्द संपला, थांबा!’ सगळ्यात लांबलचक विषय मावेल एवढी घरं प्रत्येक तासाला द्यावी लागतात.

आपण ‘चित्रकला’ घेऊ. मोजा बरं. चि, त्र, क, ला. चारच की! पण कॉम्प्युटर असं मोजत नाही. त्याच्यासाठी च वेगळा, वेलांटी वेगळी, मग त, त्याचा पाय मोडणारं चिन्ह, र, क, ल आणि काना. झाले आठ तुकडे. हल्ली सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन घरं लागतात. आठ त्रिक चोवीस, अधिक शून्याचं एक. आले ना पंचवीस?

‘खेळ’ला खरं तर दहाच पुरतात, पण त्यालाही पंचवीस मिळतात. पंधरा घरं नुसती मोकळी. असू दे, खेळाला मैदान मोठंच हवं! सगळी मिळून घरं होतात १२००.

बुधवारचा तिसरा तास हवा असेल, तर [२][२] मागायचा, कारण सी शून्यापासून मोजते.

आणि कंजूषपणा करून पंचविसाच्या जागी चोवीसच लिहिले तर? वेळापत्रक भरताना सी ‘चित्रकला’ बसवते आणि शेवटचं शून्य गुपचूप गाळते. मग छापताना थांबायची खूणच सापडत नाही. पुढचा तास गणिताचा असला, तर पडद्यावर बहुधा उमटतं: चित्रकलागणित!

या तासाला रंगपेटी न्यायची की कंपासपेटी, ते मात्र सी सांगत नाही.