नादारीचा अर्ज आणि घरची अब्रू

कर्जात बुडालेले अनेकजण कोर्टात जात नाहीत, कारण ‘मोहल्ल्यात कळेल’ ही धास्ती. ती अगदीच खोटी नाही. कामठीच्या रहिवाशाचा नादारीचा अर्ज १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाखाली नागपूरच्या जिल्हा न्यायालयात जातो. त्यात ज्यांचे देणे आहे त्यांची नावे आणि स्वतःची मालमत्ता लिहावी लागते. नादार ठरल्यावर नाव-पत्ता राजपत्रात छापतात.

पण राजपत्र चहाच्या टपरीवर कोण वाचतो? मोहल्ल्यात बोभाटा होतो तो वसुलीवाल्यांच्या फोनांनी. नातलग-मित्रांना त्रास देऊन कर्जदाराची बेअब्रू करण्यास रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांच्या वसुली एजंटांना मनाई केली आहे. असे फोन आले तर तारीख-वेळ लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा.

तंगीतल्या कर्जदाराला सवड द्यावी, हे सूरह बकराही सांगते. म्हणून आधी घरच्यांना विश्वासात घ्या, मग वकिलाला.