पुस्तक आहे, पण कपाट कुठलं?

बीदरला आलेला पाहुणा महमूद गवानचा मदरसा पाहिल्याशिवाय सहसा परत जात नाही. बहमनी वजीर गवानने १४७२ च्या सुमारास उभारलेल्या या विद्यापीठात सुमारे ३,००० हस्तलिखितं होती, असं सांगतात. एवढ्या ग्रंथांतून हवा तो काढायचा, तर तो कुठल्या कपाटात आहे याची नोंद अचूक हवी. सॉफ्टवेअरमधल्या 'लायब्ररी'चंही तसंच असतं.

इथे लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. पीडीएफ तयार करणं, डेटाबेसशी बोलणं ही कामं आपण नव्याने लिहीत नाही. फक्त 'ही लायब्ररी इथे आहे' अशी नोंद करतो. तो झाला रेफरन्स.

भालकी, बसवकल्याण, गुलबर्ग्याकडची इंजिनिअरिंगची मुलं मला फोन करतात. "दादा, प्रोजेक्ट मित्राच्या लॅपटॉपवर चालतंय, माझ्याकडे चालेना. उद्या व्हायवा आहे!" व्हिज्युअल स्टुडिओत रेफरन्सपाशी पिवळा त्रिकोण आणि खाली एररची रांग. घाबरून मुलं चांगला कोडच बदलू लागतात. ते करू नका. बऱ्याचदा शंभर एररचं मूळ एकच असतं.

आधी पहिली एरर नीट वाचा. हरवलेल्या लायब्ररीचं नाव तिथेच मिळतं. मग रेफरन्सचा पत्ता तपासा. तो मित्राच्या सी ड्राइव्हमधला असेल, तर तुमच्या मशिनवर कसा सापडणार? लायब्ररी नूगेटवरून घेतली असेल, तर सोल्यूशनवर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' करा. यासाठी इंटरनेट लागतं, म्हणून लॅबमध्ये जाण्याआधीच उरकून घ्या. तरीही जमलं नाही, तर लायब्ररीची आवृत्ती, डॉटनेटची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट, हे जुळतंय का पाहा. अनोळखी साइटवरून डीएलएल उतरवून मात्र टाकू नका. तिच्यासोबत व्हायरसही येऊ शकतो.

हे फक्त विद्यार्थ्यांचंच दुखणं नाही. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रामरने वादातून 'लेफ्ट-पॅड' ही अवघ्या ११ ओळींची लायब्ररी एनपीएमवरून काढून टाकली. तिच्यावर अवलंबून असलेली जगभरची प्रोजेक्ट्स बिल्ड होईनात. 'बाबेल'सारखं नावाजलेलं साधनही त्यात अडकलं. शेवटी एनपीएमने ती लायब्ररी काही तासांत परत ठेवली.

म्हणून प्रोजेक्ट जमा करण्याआधी एक परीक्षा घ्या. ते दुसऱ्याच्या मशिनवर नव्या फोल्डरमध्ये उघडा आणि बिल्ड करा. लागणाऱ्या लायब्ररींची नावं व आवृत्त्या एका फाइलमध्ये लिहून सोबत द्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. नाहीतर आमच्या सीमाभागातली हुशार पोरं एका पिवळ्या त्रिकोणापायी 'मला कोडिंग जमत नाही' असं ठरवून मोकळी होतात. कोडिंग त्यांना जमलेलं असतं. चुकलेला असतो तो फक्त पत्ता.