जगायला जायचं की थांबायचं?

मोखाडा तालुक्यातलं सूर्यमाळ पर्यटकांना ठाऊक आहे ते थंड हवेसाठी. तिथल्या पाड्यांवरचं वर्ष मात्र वेगळ्याच हिशेबाने चालतं. भात, नागली, वरई घरात आली, दिवाळी झाली की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो: जगायला जायचं की थांबायचं? भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर किंवा बांधकामावर गेलं तर हाताला काम मिळतं, घेतलेली उचल फिटते. पण पोरांची शाळा सुटते. पोरांना हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी ठेवलं, तर कामावर तान्ह्याला कोण सांभाळणार? गावातच थांबलं तर रोजगार हमीचं काम निघेल का, आणि निघालंच तर मजुरी कधी हाती पडेल?

जव्हार-मोखाड्याच्या स्थलांतरावर कागद पुष्कळ काळे झाले आहेत. त्यातून आकडे कळतात. कोंडी कळायला मात्र त्या घराच्या जागी बसून निर्णय घ्यावे लागतात, त्यांचे परिणाम भोगावे लागतात. ही सोय पुस्तकात नाही, सिनेमातही नाही. ती खेळात आहे.

देश वेगळा, पण पेच असाच, असा एक गेम २००६मध्ये आला. त्याचं नाव 'आयिती: द कॉस्ट ऑफ लाइफ'. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या शाळकरी मुलांनी 'ग्लोबल किड्स' ही संस्था आणि 'गेमलॅब' ही कंपनी यांच्यासोबत तो घडवला. हैती देशातलं पाच जणांचं एक गरीब कुटुंब खेळणाऱ्याच्या हाती येतं. चार वर्षं, प्रत्येक वर्षाचे चार हंगाम. दर हंगामाला ठरवायचं: कोण कामाला जाणार, कोण शाळेत, कोण घरी विश्रांती घेणार. नवखा खेळाडू भल्या मनाने सगळ्या मुलांना शाळेत घालतो आणि थोड्याच हंगामांत गल्ला रिकामा होतो. मग तो सगळ्यांना कामाला जुंपतो, तर माणसं आजारी पडतात आणि कमावलेलं दवाखान्यात जातं. 'गरिबीमुळे मुलं शाळा सोडतात' असं वाक्य कोणी ऐकवत नाही. खेळणारा स्वतःच्या हाताने मुलाचं नाव शाळेतून काढतो आणि मग विचारात पडतो.

अशा खेळात सांगायची गोष्ट संवादांत नसते; ती नियमांत असते. ही रीत संगणकाहून जुनी आहे. आपल्याकडच्या मोक्षपटावर फासा पडला की सद्गुणाची शिडी वर नेई आणि दुर्गुणाचा साप खाली ओढी. कीर्तन न ऐकताही कर्मफळाचा हिशेब मुलांच्या बोटांत उतरे. मराठी घरांत उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगणाऱ्या 'व्यापार'ची कुळकथा तर आणखी मजेशीर आहे. तो ज्या 'मोनोपॉली'वरून आला, तिचं मूळ लिझी मॅगी या अमेरिकन बाईंच्या 'लँडलॉर्ड्स गेम'मध्ये आहे. त्याचं पेटंट १९०४चं. जमिनीची मालकी काही जणांच्या हाती एकवटली की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यांनी पुढे एकाच पटासाठी दोन नियमावल्या दिल्या. एकीत जमिनीचा लाभ सगळ्यांना मिळे, दुसरीत एकटा सगळं गिळून जिंके. बाजारात टिकली ती दुसरी. पट तोच, पैसे तेच. नियम बदलले आणि अर्थ उलटा झाला.

व्हिडिओ गेमने या रीतीला वेग दिला. पोलंडमधल्या '११ बिट स्टुडिओज'चा 'धिस वॉर ऑफ माइन' (२०१४) हा युद्धावरचा गेम आहे, पण त्यात सैनिक व्हायला मिळत नाही. वेढ्यात सापडलेल्या शहरातली साधी माणसं जगवायची असतात. औषध हवंय आणि ते शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे आहे, चोरायचं का? सारायेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला हा गेम २०२०मध्ये पोलंड सरकारने शाळकरी मुलांच्या पूरक वाचनाच्या यादीत घ्यायचं ठरवलं. भारतात लीना केजरीवाल यांच्या पुढाकारातून २०१६मध्ये 'मिसिंग' हा मोबाइल गेम आला. विकल्या गेलेल्या मुलीच्या भूमिकेतून सुटकेची वाट शोधायची, असा त्याचा गाभा. चुकीच्या माणसावर विश्वास टाकला की वाट बंद होते.

हे सगळं हेलावून टाकतं, मान्य. पण उपयोग होतो का? इथे उत्साहाला लगाम घालून पुराव्याकडे वळायला हवं.

वैद्यकातला एक पुरावा भक्कम आहे. 'री-मिशन' या गेममध्ये रॉक्सी नावाची सूक्ष्म यंत्रमानव कर्करुग्णाच्या शरीरात शिरून पेशींशी लढते. रुग्णाने औषध चुकवलं असेल तर ऐन लढाईत तिचं शस्त्र दगा देतं. कर्करोग झालेल्या ३७५ किशोरवयीन व तरुण रुग्णांवर, ३४ रुग्णालयांत त्याची चाचणी झाली. २००८मध्ये निष्कर्ष आले: हा गेम खेळलेल्यांनी औषधं अधिक नेमाने घेतली. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला साधा बाजारी गेम दिला होता, त्यामुळे हा परिणाम निव्वळ करमणुकीचा म्हणता येत नाही.

शिक्षणातला पुरावा आपल्या अधिक जवळचा, आणि गुंतागुंतीचा. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने वडोदऱ्याच्या पालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले. एका संगणकावर दोघं. पुढे २०१९मध्ये नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह त्याचं मोजमाप केलं. दुसऱ्या वर्षाअखेर गणितातली वाढ ०.४७ प्रमाण विचलन इतकी भरली. शिक्षणातल्या प्रयोगांत इतकी मोठी वाढ क्वचित दिसते. मात्र कार्यक्रम संपून वर्ष उलटल्यावर त्यातला थोडाच भाग उरला होता. गुजरातमध्येच 'ज्ञानशाला'च्या शाळांत ली लिंडन यांना आणखी एक गोष्ट दिसली. असे खेळ शाळा सुटल्यावर जोड म्हणून दिले तर मुलांना फायदा झाला. शिकवण्याचा वेळ कापून दिले तर मुलं मागे पडली.

सूर्यमाळसारख्या ठिकाणी यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, शहरी गेम आणून नुसता मराठीत बोलता केला म्हणजे तो तिथला होत नाही. उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत मोबाइलवरून इंग्रजी शिकवू पाहणाऱ्या मॅथ्यू काम यांच्या गटाला हा अनुभव आला. पाश्चात्त्य धाटणीच्या गेमचं तर्कशास्त्र मुलांना पटकन उमगेना. मग त्यांनी गावांतल्या २८ पारंपरिक खेळांचा अभ्यास करून नव्याने आखणी केली. तो अभ्यास २००९मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरी गोष्ट अलास्काहून येते. तिथल्या आदिवासी समाजांच्या एका संस्थेने स्वतः गेमच्या धंद्यात उतरून 'नेव्हर अलोन' (२०१४) घडवला. जुन्या इन्युपियाक लोककथेवरचा, इन्युपियाक भाषेतच निवेदन असलेला. जाणते, कथाकार, कलावंत असे सुमारे ४० जण त्यात गुंतले होते. नूना नावाची मुलगी आणि कोल्हा या दोघांनी एकमेकांना हात दिल्याशिवाय त्यात पुढे जाता येत नाही. एकट्याने जिंकायची सोयच ठेवलेली नाही.

जव्हार-मोखाड्यात असे नियम आधीपासून नांदत आहेत. तारपा नाचात वादक सूर बदलतो तसे पाय बदलतात, तो वळेल तशी रांग वळते आणि तारप्याला पाठ दाखवायची नसते. गुण नाहीत, कोणी बाद होत नाही. बोहाड्यात गावातलीच माणसं मुखवटे चढवून देव-दानवांची सोंगं नाचवतात. वारली चित्रात तर एकाच भिंतीवर शेत, लग्न, वाघ, नाच सगळं एका वेळी नांदतं. गेमचा पट याहून वेगळा काय असतो? आणि तंत्राची अडचण म्हणावी, तर पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२०मध्ये 'राजी' हा गेम जगभर नेला. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीची ती कथा, पहाडी चित्रशैलीच्या आणि सावल्यांच्या बाहुल्यांच्या आधाराने सांगितलेली.

असा गेम इथे घडवायचा तर तो इंटरनेटशिवाय चालावा लागेल, साध्या फोनवर मावावा लागेल आणि एका फोनभोवती चौघांना खेळता यावा लागेल. नियम ठरवायला तज्ज्ञ म्हणून बसवावं लागेल ते भट्टीवर हंगाम काढून आलेल्या बायकांना. उचलीतून किती कापलं जातं, पोर तापलं तर किती खाडे परवडतात, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? आणि पहिली चाचणी सूर्यमाळच्या मुलांवर नको. रोजगार हमीचे कागद ज्यांच्या टेबलावरून पुढे सरकतात, त्यांना आधी दोन हंगाम खेळू द्यावेत. मजुरी पंधरवडाभर लांबली की पडद्यावरचं कुटुंब काय करतं, तेही पाहतील.