झोका म्हणजे उपचार नव्हे

नोकरीच्या निमित्ताने बंगळुरूच्या के. आर. पुरममध्ये बिऱ्हाड थाटलेल्या ज्या मराठी घरांत मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि फिट्स ही तिन्ही दुखणी एकाच बालकाच्या वाट्याला आलेली असतात, तेथे ते बालक व्यवसायोपचाराच्या (ओटीच्या) खोलीत झोक्यावर दिसते तेव्हा "झोपाळा तर आपल्या घरीही आहे, त्याला एवढे पैसे कशाला?" हा प्रश्न मी आजीपेक्षा शिकल्यासवरल्या बापांच्याच तोंडून अधिक वेळा ऐकला आहे, आणि प्रत्येक वेळी तितकाच अस्वस्थ झालो आहे.

झोका हे साधन आहे. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात संवेदी एकात्मीकरणाची (सेन्सरी इंटिग्रेशन) जी उपपत्ती मांडली, तिचा गाभा असा की, त्वचा, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या वार्तांची सांगड मेंदूला घालता आली, तरच शरीर प्रसंगाला योग्य प्रतिसाद देते. म्हणून पालथे निजलेले मूल समोरची कडी धरण्यासाठी मान उचलते की नाही, ते पांढरे पडते का, त्याला घाम फुटतो का, हे क्षणोक्षणी न्याहाळून झोक्याची गती बदलणे किंवा तो थांबवणे, हा उपचार होय. आणि फिट्स येणाऱ्या मुलाला मेंदूविकारतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून घरी गरगर फिरवणे हे निव्वळ धाडस आहे.

"सहा महिन्यांत मूल बोलू लागेल" अशी हमी देणारी केंद्रेही हीच चूक करतात, कारण त्यांच्याही लेखी साहित्य म्हणजेच उपचार. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली स्पष्ट नमूद केले, की संवेदी एकात्मीकरणाची पद्धत समग्र योजनेचा एक भाग म्हणून चालेल, परंतु पुरावा मर्यादित असल्याने मुदत घालून परिणामाची खातरजमा करावी. स्वमग्न मुलांवरील प्रयोगांतही निष्कर्ष संमिश्र आहेत: २०१४ च्या ३२ मुलांच्या अमेरिकन प्रयोगात ठरवलेल्या वैयक्तिक उद्दिष्टांबाबत प्रगती दिसली; २०२२ च्या १३८ मुलांच्या ब्रिटिश प्रयोगात मात्र वर्तनात नेहमीच्या सेवेहून अधिक लाभ आढळला नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी "तीन महिन्यांत घास स्वतः तोंडाशी नेणे" यासारखे एखादे उद्दिष्ट कागदावर लिहून मागावे. जो तज्ज्ञ ते देण्यास कां-कूं करतो, त्याच्याकडे पुढची रक्कम भरू नये.

काही गैरसमजही येथेच दूर करायला हवेत. के. आर. पुरमच्या केबलच्या पुलाखाली हॉर्नच्या कल्लोळात कान दाबून रडणारे मूल लाडावलेले नसते. संवेदनांना अवाजवी किंवा अत्यल्प प्रतिसाद देणे हे स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत २०१३ पासून समाविष्ट आहे. व्यवसायोपचार हे परदेशी नवे खूळ नव्हे: कमला निंबकर यांनी त्याची शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० सालीच काढली. अंगावरून ब्रश फिरवणे म्हणजे संवेदी एकात्मीकरणाची थेरपी नव्हे. आणि थेरपी सुरू झाली म्हणून फिट्सच्या गोळ्या बंद करण्याचा अधिकार व्यवसायोपचारतज्ज्ञाला नाही, आजीला नाही आणि बापालाही नाही.