टाचेखालची कळ

अर्धांगवायूचा झटका ओसरतो, माणूस पुन्हा चालू लागतो. पण पुष्कळदा एक उणीव मागे राहते. पाऊल टाकताना पंजा वर उचलला जात नाही. चवडा सतरंजीच्या कडेला अडकतो, चपलेचे टोक आधी झिजते, आणि पडू नये म्हणून माणूस पाय बाहेरून वळवत पुढे आणतो. नडगीलगतचा स्नायू आणि त्याची नस शाबूत असते. मेंदूचा हुकूम तेवढा पोचत नाही. तो बाहेरून विजेने देता येईल का?

१९६१ मध्ये अमेरिकेत व्लादिमीर लिबर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो देऊन दाखवला. बुटात टाचेखाली एक कळ बसवली आणि गुडघ्याखाली, जिथे नस हाडाला वळसा घालते तिथे, इलेक्ट्रोड लावले. टाच उचलली की प्रवाह सुरू होऊन पंजा वर येई. टाच टेकली की प्रवाह बंद. या उपकरणाला त्यांनी ‘ब्रेस’च म्हटले, म्हणजे पायाला आधार. मात्र एक निरीक्षणही नोंदवले : सरावानंतर काही रुग्ण यंत्राशिवायही स्वतःहून पंजा उचलू लागले होते.

पुढची कित्येक वर्षे या निरीक्षणाने संशोधकांना झपाटले. वीज पायाला नुसता आधार देते, की मेंदूला पुन्हा शिकवते? युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना शहरात लोयझे वोदोव्निक यांच्या गटाने हे काम नेटाने पुढे नेले. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या रांचो लॉस अमिगोस रुग्णालयात नसेला प्रवाह देणारे उत्तेजक यंत्र थेट शरीरात, नसेलगत बसवून पाहिले गेले.

वीज मेंदूला शिकवते या आशेची कसोटी लागली ती इंग्लंडमधल्या सॉल्सबरीत. तिथे घडलेल्या ‘ओडस्टॉक’ यंत्राची चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण होते ३२. यंत्र लावून चालताना वेग २०.५ टक्क्यांनी वाढला. केवळ फिजिओथेरपी घेणाऱ्यांचा ५.२ टक्क्यांनी. पण यंत्र काढले की यंत्र वापरणाऱ्या गटाची सुधारणा दिसेनाशी होई. काम आधाराचे होते, शिकवणीचे नव्हे. २००९ मध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने या उपचाराला मान्यता दिली, तीही चाल सुधारते एवढ्यापुरती.

तोवर यंत्र बरेच सुटसुटीत झाले होते. कमरेला बांधायची पेटी जाऊन गुडघ्याखालचा पट्टा आला. काही यंत्रांत टाचेखालच्या कळीऐवजी पायाचा कल ओळखणारा सेन्सर बसला. मग खरा सामना उरला तो पंजा उचलून धरणाऱ्या जुन्या प्लास्टिकच्या स्प्लिंटशी. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १९७ रुग्णांना ३० आठवडे पारखले. विजेच्या गटाचा वेग सेकंदाला ०.१४ मीटरने वाढला, स्प्लिंटच्या गटाचा ०.१५ मीटरने. बरोबरीच म्हणायची. समाधान मात्र वीज वापरणाऱ्यांत अधिक होते.

लिबर्सन यांनी दिलेले ‘ब्रेस’ हे नावच अखेर खरे ठरले. म्हणून घरात असा रुग्ण असेल आणि कोणी ‘यंत्राने पाय बरा होईल’ असे सांगत असेल, तर आधी साधा स्प्लिंट लावून चालून पाहावे. तो टोचत असेल, बुटात मावत नसेल, तर डॉक्टरांना विचारून मग विजेकडे वळावे. दोन्हींचे काम एकच : पंजा उचलणे.