दुकानफोडी : पोलिसांची गस्त आणि आपली दक्षता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

बाजारपेठेत एखादे दुकान फुटले की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून राम आळीपर्यंत तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. 'पोलीस करतात काय?' हे पहिले. 'रात्रीची गस्त वाढवायला हवी' हे दुसरे. आणि 'हल्ली बाहेरची माणसे फार आली आहेत' हे तिसरे. या वाक्यांमागची भीती खोटी नाही. छोट्या दुकानदाराने उसनवारी करून भरलेला माल एका रात्रीत जातो. सराफाच्या दुकानात तर प्रसंग जिवावरही बेततो. म्हणूनच ही तीन वाक्ये जरा तपासून पाहायला हवीत.

आधी शब्दांचा घोळ दूर करू. आपण सगळ्यालाच 'दरोडा' म्हणतो, पण कायदा तसे म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यानुसार नकळत माल लांबवला तर ती चोरी. शटर उचकटून किंवा कुलूप तोडून आत शिरले तर घरफोडी. चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मारहाण करून किंवा जिवाची भीती घालून माल नेला तर ती जबरी चोरी, आणि पाच किंवा त्याहून अधिक जणांनी मिळून ती केली तर दरोडा. दरोड्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

हा फरक केवळ वकिलांच्या कामाचा नाही. दुकानाचा घरफोडीचा विमा उतरवला आहे म्हणून अनेक जण निर्धास्त असतात. परंतु २००४ मध्ये हरचंद राय चंदनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पॉलिसीत बळजबरीने आत शिरण्याची अट असेल तर नुसत्या चोरीची भरपाई मिळत नाही. गल्ल्यातली रोकड, नोकराने केलेली अफरातफर, बँकेत नेताना लुटली गेलेली रक्कम यांसाठी सहसा वेगळे संरक्षण घ्यावे लागते. तेव्हा आपली पॉलिसी आजच काढून एकदा नीट वाचावी.

आता पहिला प्रश्न, पोलीस करतात काय? रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या होती १६ लाख १५ हजार. मंडणगडपासून राजापूरपर्यंत नऊ तालुके, दीडशेहून अधिक किलोमीटरचा किनारा, मुंबई-गोवा महामार्ग, कोकण रेल्वे आणि डोंगरदऱ्यांत विखुरलेल्या वाड्या. मुंबईवरच्या २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सागरी सुरक्षेची जबाबदारी वाढली. पूर्णगड, नाटे यांसारख्या सागरी पोलीस ठाण्यांना जमिनीबरोबर समुद्राकडेही पाहावे लागते. शिवाय अपघाताचे पंचनामे, न्यायालयाचे समन्स, आरोपींची ने-आण, मंत्र्यांचे दौरे, शिमगा आणि गणपतीचा बंदोबस्त ही कामे आहेतच.

इथे एक साधा हिशेब करून पाहावा. मारुती मंदिराजवळ चोवीस तास एक पोलीस उभा करायचा आहे असे धरा. आठवड्याचे तास होतात १६८. एका माणसाने आठ तासांप्रमाणे सहा दिवस काम केले तर त्याचे होतात ४८. म्हणजे साडेतीन माणसे लागली. रजा, आजारपण, प्रशिक्षण, कोर्टाच्या तारखा धरल्या की हा आकडा साडेचार-पाचवर जातो. एकट्याला उभे करणे बरे नाही म्हणून दोघे ठेवायचे तर नऊ-दहा. मग मारुती मंदिर, माळनाका, जयस्तंभ, गोखले नाका आणि साळवी स्टॉप अशा पाच ठिकाणांसाठी किती माणसे लागतील, ते ज्याने त्याने ताडून पाहावे. मनुष्यबळ कमी पडले की तीच माणसे बारा-बारा तास उभी राहतात. मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला तो याच कारणाने. प्रकाशसिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करण्याचा निर्देश दिला, त्यामागेही हाच विचार होता. आज बंदोबस्त आणि उद्या तपास, अशी धावपळ असेल तर दुकानफोडीचा तपास मागे पडणारच.

दुसरे वाक्य गस्त वाढवण्याचे. अमेरिकेतील कॅन्सस सिटी शहरात १९७२-७३ मध्ये यावर एक गाजलेला प्रयोग झाला. शहराच्या एका विभागातील १५ बिटांचे तीन गट केले. एका गटातली नेहमीची गाडीची गस्त बंद केली, दुसऱ्यात पूर्वीइतकीच ठेवली, तिसऱ्यात दुप्पट-तिप्पट केली. वर्षअखेर पाहिले तर गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीतही म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. नुसती गाडी फिरवून चोर पळत नाही, असे दिसले.

मग गस्त निरुपयोगी का? तसे नाही. मिनियापोलिस शहरातील १९८९ चा अभ्यास सांगतो की पोलिसांना येणाऱ्या दूरध्वनींपैकी निम्मे दूरध्वनी अवघ्या तीन टक्के पत्त्यांवरून येत होते. म्हणजे गुन्हे गावभर सारखे पसरलेले नसतात, ते ठरावीक ठिकाणी आणि ठरावीक वेळी होतात. अशा जागी पोलीस दहा ते पंधरा मिनिटे थांबले, खाली उतरून चार माणसांशी बोलले, तर त्याचा परिणाम ते गेल्यावरही काही काळ टिकतो, असेही नंतरच्या अभ्यासात आढळले. तेव्हा मागणी 'गस्त वाढवा' एवढीच न करता 'गस्त कुठे आणि केव्हा' अशी करायला हवी. आपल्याकडे याचे उत्तर थोडेफार ठाऊक असते. गणेशविसर्जनाच्या रात्री पोलीस आणि माणसे समुद्राकडे असतात तेव्हा बाजारपेठ ओस असते. आषाढातल्या पावसात पत्र्यावरच्या आवाजाने शटर उचकटल्याचे शेजाऱ्यालाही कळत नाही. वीज गेली की कॅमेरे आणि दिवे एकदमच बंद पडतात. दुकानापुढे बांधलेल्या ताडपत्रीच्या आड कोण काय करतो, ते रस्त्यावरून दिसत नाही.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अभ्यासकांनी १९७९ मध्ये सोपी मांडणी केली. गुन्हा करू पाहणारा माणूस, सोयीचे सावज आणि राखणदाराचा अभाव या तीन गोष्टी एका जागी आल्या की गुन्हा घडतो. यातली पहिली आपल्या हाती नाही, उरलेल्या दोन आहेत. अमेरिकेतच १९७०च्या दशकात रात्री उघड्या राहणाऱ्या दुकानांच्या एका साखळीने हे करून पाहिले. गल्ल्यात रोकड कमी ठेवली, काचेवरच्या जाहिराती काढून आतला गल्ला रस्त्यावरून दिसेल असा केला, उजेड वाढवला. ज्या दुकानांत हे केले तिथल्या लुटीच्या घटना इतर दुकानांच्या मानाने सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्या. यासाठी बंदुकधारी पहारेकरी ठेवावा लागला नाही.

आपल्या दुकानदारांनी यातून काय घ्यावे? दिवसभरात दोनदा रोकड हलवावी, पण दररोज त्याच वेळी, त्याच रस्त्याने आणि त्याच पिशवीतून बँकेत जाऊ नये. रात्री गल्ला रिकामा करून त्याचा खण उघडाच ठेवावा, म्हणजे तो फोडायचे कारण राहत नाही. शटरला दोन्ही बाजूंना कुलपाबरोबर मध्येही कुलूप असावे. दुकान बंद करताना दोघे असावेत. पावसाळ्यात ताडपत्री अशी बांधावी की शटर झाकले जाणार नाही. कॅमेरा छताला लावला तर डोक्यावरची टोपीच दिसते, म्हणून एक तरी कॅमेरा दारात चेहऱ्याच्या उंचीला हवा. त्याला बॅटरीचा आधार हवा आणि चित्रण साठवणारा डबा गल्ल्याशेजारी न ठेवता दुसरीकडे कुलपात ठेवावा. महिन्यातून एकदा जुने चित्रण काढून पाहावे. कॅमेरा आठ महिने बंद होता, हे चोरी झाल्यावर कळून उपयोग नाही. आळीतल्या दहा दुकानदारांनी मिळून एक राखणदार ठेवला तर प्रत्येकावर पडणारा खर्च फार नसतो.

सशस्त्र लूट झाली तर मात्र वेगळे वागायला हवे. ४ जून २०२३ रोजी सांगलीत मिरज रस्त्यावरील रिलायन्स ज्वेल्सच्या दालनावर रविवारी भरदिवसा दरोडा पडला. आलेल्यांनी पोलीस असल्याची बतावणी केली होती. चारच दिवसांनी, ८ जूनला, कोल्हापूरजवळ बालिंगा येथे कात्यायनी ज्वेलर्सवर गोळीबार करत दरोडा घातला गेला. कोल्हापूर आपल्यापासून आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर. अशा वेळी प्रतिकार करू नये. माल परत मिळवता येतो, विमाही असतो, गेलेला जीव परत येत नाही. अंगकाठी, बोली, गाडीचा रंग आणि पळण्याची दिशा एवढे लक्षात ठेवावे आणि सुटका होताच ११२ क्रमांक फिरवावा. महाराष्ट्रात ही सेवा २०२१ पासून आहे. हातखंब्यापाशी महामार्ग गाठला की पळणाऱ्याला दोन्ही दिशा मोकळ्या होतात, म्हणून नाकाबंदीसाठी पहिली दहा मिनिटे मोलाची असतात. साध्या वेशातला कोणी स्वतःला पोलीस म्हणवू लागला तर ओळखपत्र मागावे आणि शंका आल्यास ११२ वरच खात्री करावी. पोलीस येईपर्यंत तुटलेले कुलूप, काच, गल्ला यांना कोणी हात लावू नये. गर्दीने आवराआवर केली की बोटांचे ठसे गेलेच.

फिर्याद कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हद्द कोणाची, हे पोलीस नंतर पाहतात. माल सापडला तर तो खटला संपेपर्यंत ठाण्यात पडून राहिलाच पाहिजे असे नाही. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे की, पंचनामा आणि छायाचित्रे करून व हमी घेऊन माल मालकाला लवकर परत द्यावा. त्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि माल आपलाच असल्याचे दाखवावे लागते. मालाची बिले आणि दागिन्यांची वजने दुकानाबाहेरही जपून ठेवावीत, ती याच्यासाठी.

उरले तिसरे वाक्य. आंब्याच्या बागा राखणारे नेपाळी, मिरकरवाड्यातल्या बोटींवरचे परगावचे खलाशी, बांधकामावरचे कामगार यांच्या कष्टावर आपले कितीतरी व्यवहार चालतात. चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर घ्यायचा, हे न्यायाचे नाही आणि उपयोगाचेही नाही. बालिंग्याच्या प्रकरणात अटक झालेल्यांत स्थानिक संशयितही होते. दुकानात रोकड केव्हा असते, किल्ली कोणाकडे असते, मालक गावाला कधी जातो, हे बाहेरून आलेल्याला सहसा कोणीतरी आतलाच सांगतो. म्हणून नोकराची पडताळणी जरूर करावी, पण ती गावचा-परगावचा न पाहता सगळ्यांची सारखी करावी. आणि जमावाने एखाद्याला पकडून मारहाण केली तर तो स्वतंत्र गुन्हा होतो, हेही विसरू नये.

पावसाळा तोंडावर आला की आपण कौले शाकारतो. त्याच सुमारास प्रत्येक आळीतल्या दुकानदारांनी बीट अंमलदाराला बोलावून तासभर बसावे. गेल्या वर्षात कोणती दुकाने फुटली, कोणत्या वेळी फुटली, कुठला दिवा बंद आहे, कोणाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे, एवढे एका कागदावर मांडावे. तो कागद पोलीस ठाण्यात आणि दिव्यांपुरता नगरपरिषदेतही द्यावा. हाती असलेली थोडी माणसे कुठे उभी करायची, हे पोलिसांना त्यावरून ठरवता येईल. आणि महिन्याभराने त्या कागदावरचे काय झाले, हे विचारण्याचा हक्कही आपल्याला राहील.