कलम आणि संकर : जालन्याच्या शेतातले वनस्पतींचे दोन वंशमार्ग

शेतीच्या जगात जालना जिल्हा दोन गोष्टींसाठी ओळखला जातो : मोसंबी आणि बियाणे. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या ‘महिको’ या बियाणे कंपनीने जालन्याला देशाच्या बियाणे बाजारात मानाचे स्थान मिळवून दिले. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कारही बारवाले यांना मिळाला.

वनस्पतिशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ही दोन्ही यशे एकमेकांच्या विरुद्ध टोकांना उभी आहेत. बागायतदाराला आईसारखे हुबेहूब झाड हवे असते. बियाणे उत्पादकाचा सगळा धंदा मात्र दोन वेगळ्या वंशांच्या मीलनावर चालतो. हे दोन्ही मार्ग माणसाने शोधलेले नाहीत. वनस्पतींनी ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच घडवले होते.

पाण्यापासून सुटका

१८८३ मध्ये आइक्लर या जर्मन शास्त्रज्ञाने वनस्पतींची अबीजपत्री आणि बीजपत्री अशी दोन गटांत विभागणी केली. ती आपण शाळेत घोकली, पण तिच्यामागची गोष्ट पाण्याची आहे. शेवाळे मुख्यतः पाण्यातच राहतात आणि त्यांचे युग्मकही पाण्यातच एकमेकांना भेटतात. पावसाळ्यात भिंतीवर हिरवा गालिचा धरणारे मॉस जमिनीवर आले खरे, पण त्याच्या नरयुग्मकाला मादीपर्यंत पोहत जावे लागते. म्हणून मॉससारख्या ब्रायोफायटांना वनस्पतिसृष्टीतले उभयचर म्हणतात. विहिरीच्या ओल्या कपारीत वाढणाऱ्या हंसराजासारख्या नेच्यांना अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिका आल्या आणि त्यांचे बीजाणू वाऱ्यावर दूर जाऊ लागले. फलनाच्या घडीला मात्र त्यांनाही पाण्याचा पातळ थर लागतोच.

खरी सुटका परागकणाने केली. नरयुग्मकाला आता पोहण्याची गरज उरली नाही. तो कवचात बसून वाऱ्याने किंवा कीटकाच्या अंगाला चिकटून प्रवास करू लागला. बंगल्यांपुढे लावतात ती मोरपंखी आणि सायकस ही अनावृत्तबीजी झाडे या टप्प्यावरची आहेत. त्यांची बीजे फळात झाकलेली नसतात. सायकसमध्ये जुनी सवय अजून शिल्लक आहे. परागनलिकेतून बाहेर पडलेला त्याचा नरयुग्मक शेवटचे अंतर पोहूनच कापतो. १८९६ मध्ये इकेनो या जपानी शास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. आवृत्तबीजींनी, म्हणजे सपुष्प वनस्पतींनी, तेवढेही पोहणे सोडले. पावसाचा भरवसा नसलेल्या मराठवाड्यात शेती उभी आहे ती याच गटावर.

या गटाची आणखी एक किमया आहे. १८९८ मध्ये नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाला आढळले की सपुष्प वनस्पतीत फलन दोनदा होते. एका नरयुग्मकापासून भ्रूण तयार होतो आणि दुसऱ्यापासून भ्रूणपोष. बाजरीच्या दाण्यातला बहुतेक भाग हा भ्रूणपोषच असतो. म्हणजे आपल्या भाकरीचे पीठ हे मुख्यतः त्या दुसऱ्या फलनाचे फळ आहे.

मिसळण्याची कला

बाजरीच्या कणसात स्त्रीकेसर आधी बाहेर येतात आणि पुंकेसर काही दिवसांनी. त्यामुळे आधी शेजारच्या ताटाचा पराग लागतो आणि परपरागण आपोआप घडते. तरीही व्यापारी संकरासाठी एवढे पुरत नाही, कारण मादी ओळीतल्या ताटाने स्वतःचा पराग मुळीच सोडता कामा नये. यावर उपाय सापडला तो नरवंध्य वाणांचा. अमेरिकेतल्या टिफ्टन इथल्या ‘टिफ्ट २३ ए’ या नरवंध्य वाणावरून लुधियानात ‘एचबी-१’ ही संकरित बाजरी तयार झाली आणि १९६५ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत पोहोचली. ज्वारीत ‘सीएसएच-१’ त्याच्या वर्षभर आधी आली होती.

टोमॅटो, मिरची किंवा कपाशीच्या बीजोत्पादनात हे काम अनेकदा हातानेच करावे लागते. शेडनेटमधल्या टोमॅटोची कळी उमलण्याआधी चिमट्याने तिचे पुंकेसर काढतात. मग नर ओळीतल्या फुलांचा वाळवलेला पराग कुक्षीला लावतात. त्या फुलाची निदले कापून खूण ठेवतात, म्हणजे तोडणीच्या वेळी संकराचे फळ वेगळे ओळखू येते. कपाशीत दुपारनंतर, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी निवडून तिच्या पाकळ्या व पुंकेसर नखाने सोलून काढतात आणि सकाळी पराग लावतात. गावोगावी या कामाला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. ते करणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी असते. बियाण्याच्या पाकिटाच्या किमतीत त्यांच्या बोटांचे कसब सामावलेले असते.

संकराचा जोम मात्र पहिल्या पिढीपुरताच. त्या दाण्यांची पुन्हा पेरणी केली की पुढच्या पिढीत आजोबा-पणजोबांचे गुण वेगवेगळ्या जोड्यांनी वर येतात. कुठे ताट उंच, कुठे ठेंगणे, कुठे फळ मोठे, कुठे बारीक. यात कुणाची लबाडी नाही. प्रत्येक परागकणात आणि प्रत्येक अंड्यात जनुकांची नवी वाटणी होते, तिचा हा परिणाम आहे. शेतकऱ्याला मात्र दरवर्षी दुकानाची पायरी चढावी लागते. भारतात बीटी जनुकही २००२ मध्ये महिकोच्या तीन संकरित कपाशींमधूनच शेतात आले. त्यामुळे कपाशी तर जवळजवळ पूर्णपणे विकतच्या बियाण्यावर गेली.

जसेच्या तसे ठेवण्याची कला

मोसंबीचा कारभार याच्या उलट. चांगल्या मातृवृक्षावरचा डोळा काढून रंगपूर किंवा जंबेरीच्या खुंटावर भरला की तयार होणारे झाड त्या मातृवृक्षाचीच प्रत असते. बागेतली हजार झाडे म्हणजे अनेक खुंटांवर वाढणारे एकच झाड. तुतीच्या कांडीला आणि उसाच्या बेण्याला हाच नियम लागू आहे.

गंमत अशी की खुंटही बहुतांशी प्रतीच असतात. लिंबूवर्गीय फळांच्या एकाच बीजात अनेक भ्रूण असू शकतात. त्यांतला एखादाच फलनातून येतो. बाकीचे बीजाण्डातल्या आईच्याच पेशींतून, पित्याच्या वाट्याशिवाय तयार होतात. संत्र्याच्या एका बीजातून दोन रोपे येतात, हे लेव्हेनहुक याने १७१९ मध्येच नोंदवले होते. रोपवाटिकेत एकसारखे खुंट मिळतात ते यामुळे. अशा भ्रूणांपासून निघालेली ‘न्यूसेलर’ मोसंबी आज बागायतदारांच्या ओळखीची आहे. डोळ्याबरोबर ट्रिस्टेझासारखा विषाणूही नव्या झाडात जातो. बीजातून मात्र तो सहसा उतरत नाही. त्यामुळे आईची प्रत मिळते आणि तीही निरोगी.

एकसारखेपणाची किंमत

दोन्ही मार्गांचा शेवट एकाच धोक्यापाशी होतो. कलमांची बाग आतून एकसारखी असते आणि संकरित वाणाचे शेतही तसेच. एका रोगाला एक झाड बळी पडले की उरलेल्यांची तटबंदीही तितकीच कच्ची ठरते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘एचबी’ मालिकेतल्या बाजरीवर केवडा रोग पसरला तेव्हा देशाने हे अनुभवले. फलनाची एवढी खटपट निसर्गाने सांभाळली तिचा उपयोग इथे कळतो. तिच्यामुळे प्रत्येक पिढीत काही रोपे तरी वेगळी निघतात.

तिसरी वाट जालना जिल्ह्यातल्याच बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात दिसते. तिथून आलेली ‘बीडीएन-७११’सारखी तूर हा सरळ वाण आहे. तिचे बी शेतकरी घरी राखू शकतो. अट एवढीच की मधमाश्या शेजारच्या शेतातल्या दुसऱ्या तुरीचा पराग आणतात, म्हणून अंतर राखावे लागते आणि वेगळी दिसणारी झाडे वेळीच उपटावी लागतात. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा हक्क दिला आहे. संकरित पिकात तो हक्क कागदावर असतो, दाण्यात नसतो. सरळ वाणात मात्र दोन्हीकडे असतो. म्हणून पाकीट घेताना भाव आणि उत्पादनाबरोबर आणखी एक गोष्ट विचारायला हवी : हे पीक आपला वंश कसा चालवते? पुढच्या हंगामाचे बी कोणाच्या हातात राहील, ते या उत्तरावर ठरते.